पडद्यावरचे डाग

नांदेडहून लातूरकडे निघालेली एसटी गोदावरी ओलांडते आणि थोड्याच वेळात विष्णुपुरी येते. धरणामुळे हे नाव मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचे आहे. याच परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थाही आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो वाचून आजार ओळखणारा संगणक घडवायला जगात कुणीही बसले, की सरावासाठी लागणाऱ्या प्रतिमांच्या शोधात ते लवकरच या संस्थेपर्यंत पोहोचते. बीजिंग, सोल, लंडन, ह्यूस्टन अशा शहरांतल्या प्रयोगशाळा ज्या प्रतिमांवर आपली यंत्रे घासूनपुसून घेतात, त्यांतल्या ५१६ प्रतिमा नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेल्या आहेत. या संग्रहाचे नाव ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपथी इमेज डेटासेट’. संशोधकांच्या बोलण्यात तो ‘इड्रिड’ होतो.

मराठवाड्यात या गोष्टीची चर्चा फारशी होत नाही. व्हायला हवी, कारण ही गोष्ट इथल्याच एका आजाराची आहे.

मधुमेहाला आपल्याकडे सगळे शुगरच म्हणतात. शुगर वाढली की पायाला जखम होते, किडनीवर येते, हे आता खेड्यापाड्यांतही माहीत झाले आहे. डोळ्यांचे मात्र मागे राहते. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. डॉक्टर रुग्णाशी बोलताना त्याला सरळ ‘पडदा’ म्हणतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे या पडद्याला रक्त पुरवते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि त्यांना जागोजागी सूक्ष्म फुगे येतात. तेच मायक्रोअ‍ॅन्युरिझम. पुढे ते पाझरतात, फुटतात. रक्त सांडले की लाल डाग पडतो. रक्तातली चरबी आणि प्रथिने साठली की ठळक पिवळे ठिपके दिसतात. एखादी वाहिनी बंद पडली की तिच्या आसऱ्याने जगणाऱ्या मज्जातंतूंना सूज येते आणि पांढरट, धूसर कडांचा डाग उमटतो. शेवटच्या टप्प्यात पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव झाला, की काल वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला आज समोरचा चेहरा दिसेनासा होतो.

या प्रवासातली बरीच वर्षे कसलाही त्रास होत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही बरी असते. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो दिसायचे कमी झाल्यावर, आणि तोवर लेझर किंवा इंजेक्शनने जे वाचवता आले असते त्यातले बरेच हातचे गेलेले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींच्या पडद्याची देशभर तपासणी करणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या, तर ४ टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. एवढे पडदे दरवर्षी कोण तपासणार? पडद्याचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत बसतात. किनवट, मुखेड किंवा देगलूर तालुक्यातल्या माणसाला त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर एका दिवसाची मजुरी आणि सोबतच्या नातेवाइकाचीही मजुरी बुडवावी लागते.

यंत्राने फोटो वाचावा ही कल्पना या अडचणीतून पुढे आली.

गुरु गोबिंदसिंघजी संस्थेतले प्रा. मनेश कोकरे या कामात येण्याआधी प्रतिमाशोधाच्या क्षेत्रात होते. एक फोटो दिला की त्याच्यासारखे दुसरे फोटो हजारोंतून हुडकून काढायचे, हा तो विषय. आयआयटी खरगपूरमध्ये त्यांनी प्रतिमेचा पोत ओळखण्यासाठी वेव्हलेट नावाच्या गणिती साधनांचे नवे प्रकार तयार केले आणि २००५च्या सुमारास त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्या काळची संगणकीय दृष्टी अशीच चालत असे. प्रतिमेत काय पाहायचे, कडा कशा मोजायच्या, पोत कसा मांडायचा, हे सगळे माणूस ठरवी. यंत्र फक्त हिशेब करी.

२०१२ साली हे चित्र पालटले. ‘इमेजनेट’ नावाच्या प्रचंड प्रतिमासंग्रहावर दरवर्षी एक स्पर्धा होत असे. त्या वर्षी टोरांटो विद्यापीठाच्या तिघांनी अनेक थरांचे न्यूरल नेटवर्क उतरवले. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या चुका २६ टक्के होत्या, तर या जाळ्याच्या १५ टक्के. काय पाहायचे हे त्या जाळ्याला कुणी सांगितलेच नव्हते. लाखो फोटो आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर एवढेच त्याच्यापुढे ठेवले होते. जाळे आधी अंदाज बांधते, तो किती चुकला ते मोजले जाते आणि ती चूक मागे मागे नेत आतल्या कोट्यवधी आकड्यांना थोडे थोडे वळवले जाते. हे लाखो वेळा घडले, की पहिल्या थरांना कडा आणि रंग कळू लागतात, मधल्यांना आकार आणि शेवटच्यांना वस्तू. डीप लर्निंगचा गाभा एवढाच आहे. यात एक गोष्ट सहज नजरेआड होते, ती म्हणजे बरोबर उत्तर. ते कुठून येते? इमेजनेटमध्ये ते इंटरनेटवरून काम करणाऱ्या हजारो सामान्य माणसांनी दिले होते, कारण मांजर कुणालाही ओळखता येते. पडद्यावरचा मायक्रोअ‍ॅन्युरिझम मात्र सगळ्यांना ओळखता येत नाही.

गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली या आजाराचे पहिले गाजलेले यंत्र तयार केले, तेव्हा १,२८,१७५ प्रतिमा वापरल्या आणि त्यांची उत्तरे द्यायला ५४ नेत्रतज्ज्ञ बसवले. त्या प्रतिमांत मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचे नारायण नेत्रालय या तीन भारतीय रुग्णालयांतल्या प्रतिमा होत्या. तेवढा पैसा आणि तेवढे तज्ज्ञ विष्णुपुरीत कुठून येणार? इथल्या गटाने दुसरी वाट धरली. प्रतिमा थोड्याच घ्यायच्या, पण प्रत्येकीचे काम कुणी केले नसेल इतक्या बारकाईने करायचे आणि ते सगळ्या जगाला मोफत द्यायचे. माझ्या मते इड्रिडचे खरे मोल या निवडीत आहे.

नांदेडच्या चिकित्सालयात झालेल्या हजारो तपासण्यांतून ५१६ प्रतिमा निवडल्या गेल्या. फोटो काढण्याआधी रुग्णाच्या डोळ्यात ट्रॉपिकामाइडचा थेंब टाकून बाहुली मोठी केलेली होती. कॅमेरा कोवा कंपनीचा, ५० अंशांचा परिसर एका दमात टिपणारा. प्रत्येक फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा, म्हणजे एकेका फोटोत १ कोटी २२ लाख ठिपके. सर्व ५१६ फोटोंना दोन दर्जे देण्यात आले. मधुमेही दृष्टिपटलविकाराचा दर्जा ० ते ४ या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर, आणि पडद्याच्या मध्यबिंदूजवळच्या सुजेच्या धोक्याचा दर्जा ० ते २ असा. पिवळे ठिपके मध्यबिंदूच्या किती जवळ आले आहेत यावर दुसरा दर्जा ठरतो, कारण बारीक अक्षर वाचण्याची, चेहरा ओळखण्याची सारी ताकद त्या बिंदूपाशी असते.

खरी मेहनत ८१ प्रतिमांवर झाली. त्यांच्यातल्या प्रत्येक डागाची हद्द पिक्सेलगणिक आखली गेली. सूक्ष्म फुगे वेगळे, रक्ताचे डाग वेगळे, पिवळे ठिपके वेगळे आणि पांढरट डाग वेगळे. शिवाय डोळ्याची नस पडद्यात शिरते त्या चकतीचीही सीमा आखलेली आहे. हे काम करताना फोटो मोठा करून एकेका कोपऱ्यात थांबावे लागते. लालसर पार्श्वभूमीवर लाल ठिपका दिसला, तर तो फुगा आहे, रक्ताचा थेंब आहे की वाहिनीचे वळण आहे, हे ठरवावे लागते. शंका आली तर नेत्रतज्ज्ञाला विचारावे लागते. एका फोटोत असे डाग शेकड्यांनी असू शकतात. प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचाडे, रवी कांबळे, प्रा. कोकरे, नांदेडचे नेत्रतज्ज्ञ गिरीश देशमुख व विवेक सहस्रबुद्धे आणि फ्रान्सचे फाब्रीस मेरिओदो यांच्या नावाने २०१८ साली या संग्रहाचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी या गटाने जगाला आव्हान दिले. वैद्यकीय प्रतिमांवरची एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद एप्रिल २०१८मध्ये वॉशिंग्टनला भरली होती. तिथे इड्रिडवर स्पर्धा झाली. काम तिहेरी होते. डाग आखायचे, आजाराचा दर्जा सांगायचा, आणि नसेची चकती व मध्यबिंदू शोधायचे. ४९५ नोंदण्या झाल्या, १४८ उत्तरे आली. नांदेडच्या पडद्यांवर चीन, कोरिया, अमेरिकेतल्या संघांनी आपापली जाळी लावली.

स्पर्धेचे नियम समजून घ्यायला लातूरकरांना वेळ लागणार नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला ठाऊक असते, की सरावाचा संच आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका एकच असली तर गुणांना काही अर्थ उरत नाही. न्यूरल नेटवर्कला हीच खोड असते. दाखवलेले फोटो ते पाठ करून टाकते आणि नवा फोटो आला की गडबडते. म्हणून ५१६पैकी ४१३ प्रतिमा सरावाला दिल्या आणि १०३ परीक्षेसाठी राखून ठेवल्या, त्यांची उत्तरे बंद लिफाफ्यात.

निकालातले आकडे बोलके आहेत. आजाराचा आणि सुजेचा असे दोन्ही दर्जे बरोबर आले तरच गुण, अशी अट होती. पहिल्या आलेल्या संघाला १०३पैकी ६५ प्रतिमांवर ते जमले. म्हणजे ६३ टक्के. डाग आखण्याच्या भागात गुण ० ते १ असे मोजले गेले. ठळक पिवळ्या ठिपक्यांवर सर्वोत्तम गुण ०.८८ मिळाले, रक्ताच्या डागांवर ०.६८ आणि सूक्ष्म फुग्यांवर जेमतेम ०.५०. आजाराची पहिली खूण असलेला डागच यंत्राला सर्वांत जड गेला.

असे का व्हावे, याचे उत्तर पिक्सेलमध्ये आहे. संगणकाची स्मरणशक्ती मर्यादित असते, म्हणून जाळ्याला देताना फोटो बहुधा लहान करतात. ४२८८ पिक्सेलची रुंदी ५१२वर आणली, की सगळे आठपटीहून जास्त आक्रसते. मूळ फोटोत पंधरा-वीस पिक्सेल व्यापणारा फुगा दोन-तीन पिक्सेलचा उरतो आणि आसपासच्या लालीत विरून जातो. यावर उपाय म्हणून संघांनी फोटोचे तुकडे पाडले आणि मोठ्या आकारात एकेक तुकडा वाचला. अनेकांच्या हाती यू-नेट होते. जर्मनीच्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ साली तयार झालेले हे जाळे प्रतिमा आधी लहान करत नेते, मग पुन्हा मोठी करते आणि मोठी करताना सुरुवातीच्या थरांतला बारीक तपशील थेट पलीकडे पोहोचवते. त्याच्या पहिल्या प्रयोगात केवळ ३० प्रतिमांवर सराव झाला होता. कमी प्रतिमा असलेल्या वैद्यकीय क्षेत्रात ते का रुजले, हे यावरून कळावे.

दुसरी अडचण गणिताची आहे. पडद्याच्या फोटोत फुग्यांनी व्यापलेली जागा एक टक्क्याहूनही कितीतरी कमी असते. ‘कुठेच डाग नाही’ असे डोळे झाकून सांगणारे यंत्रही ९९ टक्क्यांहून अधिक पिक्सेलांवर बरोबर ठरते. म्हणून स्पर्धेत साधी अचूकता मोजलीच नाही. यंत्राने दाखवलेल्यांपैकी खरे डाग किती आणि खऱ्या डागांपैकी सापडले किती, हे दोन्ही एकत्र मोजले. एखादी कंपनी ‘आमची अचूकता ९९ टक्के’ असे सांगत आली, तर जिल्हा रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की कशाची अचूकता?

इड्रिडलाही मर्यादा आहेत. ५१६ प्रतिमांत पूर्ण निरोगी १६८ आहेत, मध्यम आजाराच्या १६८ आहेत, पण अगदी सुरुवातीच्या, १ दर्जाच्या फक्त २५. गावात फिरून काढलेले फोटो आणि चिकित्सालयात जमलेले फोटो यांत फरक राहणारच. सगळ्या प्रतिमा एकाच कॅमेऱ्याच्या, हीसुद्धा उणीवच. एका कॅमेऱ्याच्या रंगाला सरावलेले जाळे दुसऱ्या कॅमेऱ्यापुढे अडखळते.

या उणिवा गटाने पुढच्या कामात ध्यानात घेतल्या. समीक्षा पाचाडे यांच्या पुढाकाराने २०२१ साली दुसरा संग्रह आला, ‘आरएफएमआयडी’. त्यात तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या ३,२०० प्रतिमा आहेत आणि ४६ प्रकारच्या स्थिती नोंदलेल्या आहेत. बाहेरच्या बहुतेक संग्रहांत मधुमेह, काचबिंदू आणि वयोमानाची झीज एवढेच असते. पण नेत्रतज्ज्ञाच्या ओपीडीत विरळा आजारही येतात आणि त्या वेळी ठरावीक तीनच उत्तरे शिकलेले यंत्र त्याला ठाऊक असलेल्यांतले एखादे ठोकून देते. या संग्रहातल्या काही आजारांच्या प्रतिमा दहाहूनही कमी आहेत, म्हणून या संग्रहावरच्या स्पर्धेसाठी त्यांना ‘इतर’ या गटात टाकून २८ वर्ग केले गेले. २०२३ साली याला जोड म्हणून आणखी ८६० प्रतिमांचा संग्रह निघाला.

त्याच २०२३ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाशी जोडलेल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये ‘रेटफाउंड’ हे प्रतिमान मांडले. त्याची शिकण्याची पद्धत वेगळी आहे. डोळ्याच्या १६ लाख प्रतिमा त्याला उत्तरांविना दाखवल्या गेल्या. प्रतिमेचा बराच भाग झाकायचा आणि उरलेल्यावरून झाकलेले काय असेल ते यंत्राने रंगवून दाखवायचे. असे करता करता पडद्याची रचना त्याला अवगत होते आणि मग थोड्या उत्तरांवरही ते आजार शिकते. हे खरे आहे का, हे मधुमेहाच्या बाबतीत तपासायला त्यांनी तीन सार्वजनिक संग्रह घेतले. एक फ्रान्सचा, एक मदुराईच्या अरविंदचा आणि एक नांदेडचा. सोळा लाख प्रतिमा पचवलेल्या यंत्राची परीक्षा घ्यायला अखेर माणसाने मन लावून तपासलेल्या थोड्या प्रतिमाच लागल्या.

प्रयोगशाळेबाहेर काय घडते? वॉशिंग्टनच्या स्पर्धेनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल २०१८ रोजी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आयडीएक्स-डीआर’ या यंत्रणेला मान्यता दिली. नेत्रतज्ज्ञ नसतानाही तिने निर्णय द्यावा, अशी ही पहिलीच मुभा होती. थायलंडमध्ये गूगलची यंत्रणा ११ सरकारी दवाखान्यांत बसवली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तिच्यापुढे आलेल्या १,८३८ प्रतिमांपैकी २१ टक्के तिने ‘वाचता येत नाहीत’ म्हणून परत केल्या. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, गर्दी होती, इंटरनेट रेंगाळत होते. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या यंत्राला दवाखान्यातल्या ट्यूबलाइटने अडवले.

मुंबईत त्याच सुमारास वेगळा प्रयोग झाला. वडाळ्याच्या आदित्य ज्योत नेत्ररुग्णालयाचे डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहींचे फोटो काढले. बंगळुरूच्या कंपनीचा स्मार्टफोनवर बसणारा कॅमेरा आणि त्याच फोनमध्ये चालणारे जाळे. इंटरनेट लागत नव्हते. वाचण्याजोगे फोटो मिळालेल्या २१३ जणांत तज्ज्ञाकडे पाठवायला हवे असे सर्व रुग्ण यंत्राने पकडले आणि न पाठवण्याजोग्यांपैकी ८८.४ टक्क्यांना बरोबर घरी जाऊ दिले. नमुना लहान होता, त्यामुळे शंभर टक्क्यांवर हुरळून जाण्यात अर्थ नाही. तरी उदगीर, अहमदपूर, कंधार या भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी हाच नमुना कामाचा आहे. वीज गेली, रेंज नसली तरी चालेल आणि आशाताई किंवा परिचारिका वापरू शकतील, असे यंत्र.

त्यापुढचा टप्पा यंत्राच्या हातात नाही. फोनवर ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ असे उमटल्यावर त्या बाईला लेझर कुठे मिळणार, गाडीभाडे कोण देणार, दुसऱ्या महिन्यात ती पुन्हा आली का हे कोण बघणार? या प्रश्नांची सोय आधी करून मगच कॅमेरे वाटले पाहिजेत. विष्णुपुरीत अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. लातुरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या मातीतल्या पडद्यांवर जगाची यंत्रे शिकली, त्या दोन जिल्ह्यांत मधुमेहींच्या पडद्याची वार्षिक तपासणी सुरू करायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य विभागाने हे काम हाती घ्यावे.

ते होईल तेव्हा होईल. हे वाचणाऱ्याला किंवा त्याच्या घरात कुणाला शुगर असेल, तर नजर कितीही चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून घ्यावा. त्या दिवशी काही तास अंधूक दिसते, उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्यावे आणि गाडी स्वतः चालवू नये.